आठवी ते दहावीच्या वर्गात भावनिक आणि सामाजिक कौशल्ये कशी रुजवावीत

जुलैमधल्या एका पावसाळी दुपारी, मधली सुट्टी संपून तास सुरू होताच, नववीच्या माझ्या वर्गातील एका मुलाने शेजारच्या मुलाची वही हिसकावून घेतली आणि तिचे सरळ दोन तुकडे केले. मी सवयीने त्याला उभे केले आणि सगळ्या वर्गासमोर, वर्गाच्या माध्यमाच्या भाषेत म्हणजे इंग्रजीत, कारण विचारले. तो मान खाली घालून उभा राहिला. दोनदा विचारूनही उत्तर आले नाही, तेव्हा तो उद्धटपणा आहे असे मानून मी त्याला बाहेर पाठवले. तास संपल्यावर व्हरांड्यात मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि कोकणीतून विचारले, "कितें जालें रे?" बराच वेळ तो पागोळ्यांकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "टीचर, माका लज दिसली." सकाळी धडा मोठ्याने वाचताना त्याने एक इंग्रजी शब्द चुकीचा उच्चारला होता. शेजारचा मुलगा हसला होता आणि मधल्या सुट्टीत चौघांनी तोच उच्चार पुन्हा पुन्हा करून त्याला चिडवले होते. आम्हा सगळ्यांना त्याचा राग दिसला होता, आणि त्याच्या आत मात्र लाज होती.

डिचोली तालुक्यात माध्यमिक वर्गांना शिकवताना मला हे वारंवार दिसले आहे की आपल्याकडच्या मुलांना भावना नसतात असे नाही आणि शब्दही नसतात असे नाही. त्यांचे शब्द घरच्या भाषेत असतात आणि आपण ते दुसऱ्या भाषेत मागत असतो. चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमात शिकलेले मूल पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यमात येते. त्याच बाकावर घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारे मूलही असते. गोव्यातल्या वर्गात भावनिक शिक्षणाची सुरुवात भाषेपासून करावी लागते, हा या लेखाचा पाया आहे. पुढील कार्यपद्धती वर्गशिक्षकाला नेहमीच्या वेळापत्रकात, जादा तास न मागता आणि विशेष खर्च न करता राबवता येते.

आधी काय समजून घ्यावे

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय मानते. या वयात भावना उसळवणारी मेंदूतील यंत्रणा वेगाने जागी होते, आणि थांबून विचार करायला लावणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाला "एवढा मोठा झालास, कळत नाही का?" असे विचारण्यात अर्थ नसतो. त्याला कळत असते. कळलेले त्या क्षणी हाताशी येत नाही, आणि समवयस्क पाहत असतील तर ते आणखी दूर जाते. भावनेला नाव देण्याचा उपयोग इथे होतो. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चेहऱ्यावरील भावनेला शब्दांत नाव दिल्यावर मेंदूतील अमिग्डाला या भागाची सक्रियता कमी झालेली आढळली. हा भाग धोक्याची चाहूल टिपत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात सांगितलेली दहा जीवनकौशल्ये शिक्षकांना प्रशिक्षणवर्गांमुळे परिचित आहेत. त्यांतील स्वतःची जाणीव, समानुभूती, भावनांशी आणि ताणाशी जुळवून घेणे, परस्परसंबंध आणि परिणामकारक संवाद ही कौशल्ये आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सामाजिक आणि भावनिक शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. हे सारे अभ्यासाचा वेळ खाते, ही मुख्याध्यापकांची आणि पालकांची शंका मात्र रास्त आहे आणि तिला उत्तर द्यायला हवे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात २१३ शालेय उपक्रमांचा आणि २ लाख ७० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा एकत्रित विचार केला गेला. असे उपक्रम लाभलेल्या मुलांची अभ्यासातील कामगिरी सरासरी ११ पर्सेंटाइलने वर गेलेली दिसली. त्याच अभ्यासातून असेही दिसले की क्रमाने शिकवलेले, कृतीतून करून घेतलेले, वेळ राखून ठेवलेले आणि नेमके कौशल्य नजरेसमोर ठेवलेले उपक्रम अधिक फळले. वर्षातून एकदा पाहुणा बोलावून सभागृहात दिलेले भाषण यांपैकी कशातच बसत नाही.

पहिली पायरी: वर्ग वाचणे

आता आपले शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मेच्या सुट्टीनंतर जूनमध्ये पुन्हा बसते. एप्रिलचे ते आठवडे केवळ निरीक्षणासाठी वापरावेत. मधल्या सुट्टीत कोण कोणाबरोबर डबा खातो, बालरथात (शाळेच्या बसमध्ये) कोणाच्या शेजारची जागा रिकामी राहते, गटकार्य सांगितले की कोण शेवटी उरतो, हे एका छोट्या वहीत लिहावे.

जून लागताच प्रत्येक मुलाला कागदाचा एक तुकडा द्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत. प्रकल्प करायचा तर तुला कोणती तीन मुले सोबत हवीत? एखादी अडचण आली तर वर्गातील कोणाला सांगशील? शाळेतील कोणत्या मोठ्या माणसाला सांगशील? उत्तरे फक्त शिक्षक वाचणार हे आधी सांगावे आणि ते वचन कसोशीने पाळावे. घरी बसून एका मोठ्या कागदावर नावे मांडून बाण काढले की वर्गाचे एक चित्र उभे राहते. जेकब मोरेनो यांनी १९३०च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे. ज्याच्याकडे एकही बाण जात नाही ते मूल अनेकदा शांत, आज्ञाधारक आणि म्हणूनच आपल्या नजरेतून सुटलेले असते. तुम्हाला कोण आवडत नाही, हा प्रश्न मात्र कधीही विचारू नये. तो प्रश्न कागदावर आला की मधल्या सुट्टीत त्याची चर्चा होते आणि एकटे मूल आणखी एकटे पडते.

तिसऱ्या प्रश्नाला नाव न लिहिता किती मुलांनी नुसती रेघ ओढली आहे, म्हणजे सांगावे असे कोणीच नाही, ते मोजावे. वर्षाच्या अखेरीस हाच आकडा पुन्हा पाहायचा आहे.

दुसरी पायरी: रोजची पाच मिनिटे आणि शब्दांचा तक्ता

हजेरी घेताना पाच मिनिटे राखून ठेवावीत आणि ती रोज त्याच वेळी असावीत. सुरुवातीला प्रत्येकाने वहीच्या मागच्या पानावर एक ते पाच यांपैकी एक आकडा लिहावा. एक म्हणजे मन अगदी जड, पाच म्हणजे अगदी मोकळे. आकडा कोणाला दाखवायचा नाही. पहिले दोन आठवडे एवढेच पुरे. मुलांना स्वतःकडे पाहण्याची सवय लागायला वेळ लागतो आणि त्याआधी बोलायला लावले तर ती शिक्षकाला आवडेल ते उत्तर देतात.

त्यानंतर आकड्याशेजारी एक शब्द लिहायला सांगावा, तोही घरी जी भाषा बोलली जाते त्या भाषेत. माझ्या अनुभवात हा सर्वांत फलदायी भाग आहे. आरंभी मुले तीनच शब्द लिहितात: बरे वाटते, कंटाळा आला, टेन्शन आहे. या टेन्शनच्या पोटात काय काय दडलेले असते ते उलगडून दाखवणे हे शिक्षकाचे काम. परीक्षेची धास्ती, घरच्या भांडणाची काळजी, मैत्रिणीने दुसऱ्या बाकावर जागा धरल्याचा हिरमोड, सगळ्यांसमोर चुकल्याचे ओशाळेपण, दुसऱ्याला नवा मोबाइल मिळाल्याचा हेवा, काही विशेष घडले नसतानाही लागलेली हुरहुर, या सगळ्यांना मूल टेन्शन म्हणते. या प्रत्येकावरचा उपाय वेगळा असल्यामुळे शब्दही वेगळा लागतो. धास्ती असेल तर अभ्यासाची आखणी करता येते, ओशाळेपण असेल तर कोणीतरी पाठीवर हात ठेवावा लागतो, आणि हेवा असेल तर तो मनात येणे हा गुन्हा नाही हे ऐकावे लागते.

वर्गात मागच्या भिंतीवर एक मोठा कागद लावावा आणि दर आठवड्याला त्यावर दोन-तीन शब्द वाढवावेत. मराठीतील राग, चीड, वैताग, त्रागा आणि संताप यांत चढउतार कसा आहे, रुसणे आणि कुढणे यांत काय फरक आहे, यावर मुले उत्साहाने वाद घालतात. शेजारी कोकणीतले बेजार, तिडक (राग), भिरांत (भीती) येतात. माझ्या वर्गातील एका मुलीने, जी एरवी वर्गात तोंड उघडत नसे, तिच्या घरचा कन्नड शब्द लिहून दिला आणि सगळ्यांनी तो तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला. तिच्या उच्चारासाठी वर्ग कान देऊन बसल्याचे ते पहिले दृश्य होते. भाषाशिक्षकांना वेगळे सांगायला नकोच, पण गणिताच्या शिक्षकांनीही हा तक्ता वापरावा. "हे गणित पाहून आत्ता कोणता शब्द?" असे विचारले की अर्धा वर्ग धास्तीकडे बोट दाखवतो, आणि आपण एकटेच घाबरलेले नाही हे प्रत्येकाला दिसते.

दोन नियम पाळावेत. बोलायचे नसेल त्याला "आज नको" म्हणण्याचा पूर्ण अधिकार असावा आणि त्यावर शिक्षकाने भुवईसुद्धा उंचावू नये. या वहीला गुण, शेरा किंवा बक्षीस कधीही देऊ नये.

तिसरी पायरी: तापलेल्या क्षणी थांबणे

थांबण्याचे तंत्र मुले शांत असताना शिकवावे लागते. भांडण पेटल्यावर "दीर्घ श्वास घे" असे सांगणे म्हणजे बुडणाऱ्याला काठावरून पोहण्याचे धडे देणे. एखाद्या मोकळ्या तासाला, शरीरात राग कुठे जाणवतो हे प्रत्येकाने शोधावे. कोणाचे कान तापतात, कोणाच्या मुठी आवळतात, कोणाच्या पोटात गोळा येतो. ही खूण ज्याची त्याला ओळखता आली की दहा-वीस सेकंदांची उसंत मिळते, आणि त्या उसंतीत काय करायचे हे आधी ठरलेले असावे. श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घेणे, पाण्याचे चार घोट पिणे, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन येणे, यांपैकी ज्याला जे साधते ते त्याने निवडावे. बाहेर जाण्यासाठी एक खूण ठरवावी, उदाहरणार्थ कंपासपेटी आडवी ठेवणे. ती दिसली की शिक्षकाने प्रश्न न विचारता मान हलवावी. सवलतीचा गैरफायदा घेतला जाईल ही भीती मलाही होती. पहिल्या आठवड्यात तसे झालेही, पण मग नवलाई ओसरली आणि ज्यांना गरज होती तीच मुले उठू लागली.

सगळ्या वर्गाला डोळे मिटून ध्यानाला बसवणे म्हणजेच भावनिक शिक्षण, असा समज बराच पसरला आहे. ब्रिटनमध्ये ८,००० हून अधिक शाळकरी मुलांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शिक्षकांनी वर्गाला दिलेल्या सजगतेच्या प्रशिक्षणाचा मानसिक आरोग्यावर नेहमीच्या शिक्षणापेक्षा जास्त लाभ दिसला नाही. ज्याला शांत बसणे आवडते त्याने जरूर बसावे. पण घरी काही भयंकर पाहिलेल्या मुलाला डोळे मिटणे त्रासदायक होऊ शकते, म्हणून सक्ती करू नये.

झोपेची चौकशीही याच पायरीत येते. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, आणि या वयात झोप येण्याची नैसर्गिक वेळ पुढे सरकते. दूरच्या वाड्यावरून सकाळी लवकर बस पकडणारे आणि रात्री एकपर्यंत मोबाइल पाहणारे मूल पहिल्या तासाला चिडचिडे असेल, तर त्याच्या स्वभावाकडे जाण्यापूर्वी आदल्या रात्रीबद्दल विचारावे.

चौथी पायरी: ऐकण्याचा सराव, तोही अभ्यासक्रमातूनच

ऐकणे हे कौशल्य जोडीने शिकवता येते. दोघांपैकी एकाने दोन मिनिटे बोलावे, दुसऱ्याने मध्ये न तोडता ऐकावे आणि नंतर "तू असे म्हणालास, बरोबर?" असे सांगून दाखवावे. सांगणाऱ्याने "हो" म्हटल्याशिवाय ऐकणाऱ्याने स्वतःचे मत मांडू नये. सुरुवातीचे विषय हलके असावेत: चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत काय केले, गणपतीवरच्या माटोळीला बांधलेली कोणती फळे ओळखता आली, शिगम्याच्या मेळात काय आवडले. भाषेच्या तासाला हाच सराव धड्यातील पात्रांवर करता येतो; पात्राने जे केले त्यापेक्षा करण्याआधी त्याच्या मनात कोणता शब्द असेल, असा प्रश्न विचारावा.

गटकार्यासाठी तुकडे जोडण्याची पद्धत मला सर्वांत भावते. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात शाळा एकत्र झाल्यावर वेगवेगळ्या वंशांच्या मुलांत तेढ वाढली, तेव्हा एलियट अॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७१ मध्ये ती शोधली. पाच जणांच्या गटात प्रत्येकाकडे विषयाचा एकेकच तुकडा असतो आणि इतरांचे ऐकल्याशिवाय कोणालाही संपूर्ण विषय कळत नाही. त्यामुळे मागे बसणाऱ्या मुलाचे बोलणे प्रथमच गटाच्या गरजेचे होते.

गोव्याच्या इतिहासात यासाठी एक उत्तम विषय आहे, तो म्हणजे १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. पहिल्या मुलाकडे १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती आणि १९६३ ची पहिली निवडणूक द्यावी. दुसऱ्याकडे महाराष्ट्रात विलीन व्हावे म्हणणाऱ्यांची बाजू आणि तिसऱ्याकडे वेगळे राहावे म्हणणाऱ्यांची बाजू. चौथ्याने कौल कसा घेतला गेला, फूल आणि दोन पाने या निशाण्या कशाच्या होत्या हे सांगावे. पाचव्याने निकाल सांगावा, म्हणजे संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते, आणि तिथून ३० मे १९८७ च्या घटकराज्यापर्यंतचा प्रवास. आपल्या बहुतेकांच्या घरात या प्रश्नावर आजही कोणती ना कोणती बाजू आहे. म्हणून नियम असा ठेवावा की ज्याच्या घरी फुलाची (विलीनीकरणाची) बाजू ऐकली जाते त्याने दोन पानांची (वेगळे राहण्याची) बाजू मांडावी आणि ज्याच्या घरी पानांची, त्याने फुलाची. ती बाजू मानणारा माणूस ऐकून "होय, मला असेच म्हणायचे होते" म्हणेल, इतकी ती प्रामाणिकपणे मांडली गेली पाहिजे. एका मुलाने यासाठी आपल्या आज्याला विचारले आणि त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या, कारण त्यांचा सख्खा भाऊ त्या वेळी दुसऱ्या बाजूला होता आणि तरीही दोघांनी चवथ एकाच घरात केली होती. मतभेद आणि नाते एकत्र नांदू शकतात हे त्या दिवशी वर्गाने एका घरच्या आठवणीतून ऐकले.

पाचवी पायरी: भांडणानंतर सावरणे

फाटलेल्या वहीच्या प्रसंगात मी जी चूक केली ती टाळण्यासाठी आता मी ठरलेल्या क्रमाने जाते. आधी दोघांना वेगळे करावे आणि बघ्यांना कामाला लावावे. निदान वीस मिनिटे जाऊ द्यावीत. मग प्रत्येकाशी एकट्याने, त्याच्या भाषेत, चार प्रश्नांवर बोलावे: काय झाले, त्या वेळी मनात काय चालले होते, याचा कोणाकोणाला त्रास झाला, आणि आता ते सावरायला काय करता येईल. "का केलेस?" हा प्रश्न मी सोडून दिला आहे, कारण त्यात आरोप ऐकू येतो आणि मूल बचावाला लागते. दोघांची तयारी असेल तरच समोरासमोर बसवावे. पीडित मुलावर "हात मिळवा आणि विषय संपवा" अशी जबरदस्ती करू नये. एकाच मुलाच्या मागे सगळे लागलेले असतात तेव्हा ते दोघांमधले भांडण नसते. तिथे तडजोड घडवण्याआधी त्या मुलाची सुरक्षितता पाहावी लागते.

भरपाई प्रत्यक्ष दिसणारी असावी. त्या मुलाने दोन संध्याकाळी बसून फाटलेल्या वहीतील टिपणे नव्या वहीत उतरवून दिली. चिडवणाऱ्या चौघांशी मी वेगळी बोलले. प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी मी वर्गाला सांगितले की काल सगळ्यांसमोर उत्तर मागून मीही त्याला अवघडात टाकले, ते चुकले आणि त्याबद्दल मला वाईट वाटते. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. आपण ते कलम छडीपुरतेच वाचतो, पण चारचौघांत केलेली मानहानीही त्याच वाटेवरची आहे.

आता निम्मी भांडणे मोबाइलवर सुरू होतात. वर्गाच्या ग्रुपवर कोणाच्या फोटोचे स्टिकर फिरते, एखाद्याला न सांगता काढून टाकले जाते आणि सकाळी ते सारे शाळेत येते. ते शाळेबाहेर घडले म्हणून हात झटकू नयेत. याही ठिकाणी चार प्रश्न चालतात, पण जोर बघ्यांवर द्यावा. ज्या तीसजणांनी स्टिकर पाहिले त्यांच्यासमोर कोणकोणते पर्याय होते, याची यादी त्यांच्याकडूनच करून घ्यावी: हसण्यात सामील न होणे, पुढे न पाठवणे, ज्याचा फोटो आहे त्याला खासगीत "मला हे आवडले नाही" असा निरोप पाठवणे, मोठ्या माणसाला सांगणे. त्यातला खासगी निरोप बहुतेकांना जमण्यासारखा असतो. चित्र लैंगिक स्वरूपाचे असेल तर मात्र ते स्वतःच्या फोनवर घेऊ नये, कोणाला दाखवू नये आणि आपापसांत मिटवू नये. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, म्हणून लगेच मुख्याध्यापकांना सांगून पुढची पावले उचलावीत.

वर्गाबाहेरच्या संधी

नाटक आणि घुमट आरती (घुमट या तालवाद्याच्या साथीने म्हटली जाणारी आरती) या आपल्या गावच्या दोन शाळाच आहेत. आरतीत घुमट, शामेळ आणि कासाळे एकमेकांकडे कान देऊनच वाजवावी लागतात. जो स्वतःच्याच हातावर खूश होतो त्याची लय सुटते. वर्गात कोणाला जुमानत नसलेला मुलगा तिथे दुसऱ्याची वाट पाहताना मी पाहिला आहे. संमेलनाच्या नाटकात दरवर्षी त्याच चार मुलांना मोठ्या भूमिका देऊ नयेत. एकटे असलेल्या मुलाला पडद्यामागे असे काम द्यावे की त्याच्यावाचून प्रवेश अडेल.

पालकांशी बोलताना

पालकसभेत गुणपत्रिका हातात देण्यापूर्वी मुलाबद्दल स्वतः पाहिलेली एक चांगली गोष्ट सांगावी, आणि ती नेमकी असावी. "हुशार आहे" यापेक्षा "पाय मुरगळलेल्या मैत्रिणीचे दप्तर आठवडाभर तिने उचलले" हे ऐकून आईचा चेहरा बदलतो. आपल्याकडे कित्येक मुलांचे वडील जहाजावर किंवा आखातात असतात, कित्येकांच्या आया कारखान्यात किंवा हॉटेलात पाळीने कामाला जातात. सभेला न येणे म्हणजे अनास्था, असे धरून चालू नये. त्यांच्या सोयीच्या वेळी मराठी-कोकणीतून केलेला पाच मिनिटांचा फोन इंग्रजी चिठ्ठीपेक्षा जास्त काम करतो. मुलाने विश्वासाने सांगितलेले घरी सांगायचे असेल तर आधी त्याला विचारावे. घरूनच धोका असेल तेव्हा मात्र घरी फोन न करता समुपदेशक आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी यांच्याकडे जावे.

आपल्या हाताबाहेरचे केव्हा आणि कोणाकडे

मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहिले, आवडत्या गोष्टींतून मन काढून घेतले, जेवण-झोप बिघडली, अंगावर जखमेच्या खुणा दिसल्या, किंवा "मी नसलो तरी काय बिघडणार" असे बोलले, तर शब्दांचा तक्ता बाजूला ठेवून थेट मदत मिळवावी. जीव देण्याचे विचार येतात का, हे शांतपणे आणि स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर मुलाला एकटे सोडू नये आणि "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये. टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि तो चोवीस तास चालू असतो. विद्यार्थ्यांसाठीच्या मनोदर्पण सेवेचा क्रमांक ८४४८४४०६३२ आहे. हे तिन्ही क्रमांक वर्गाच्या दारामागे लावून ठेवावेत.

समुपदेशक आणि शिक्षक यांची कामे वेगळी आहेत, हेही ओळखावे. आपल्या पर्वरीच्या संगथ या संस्थेच्या संशोधकांनी बिहारमधील माध्यमिक शाळांमध्ये शालेय वातावरण सुधारण्याचा एक उपक्रम राबवला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तोच उपक्रम प्रशिक्षित बिगर-तज्ज्ञ समुपदेशकांनी चालवला तेव्हा वातावरण सुधारले, मुलांमधील नैराश्य आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांनी चालवला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. यातून मी असा अर्थ घेते की शिकवणे, परीक्षा आणि कारकुनी सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या डोक्यावर समुपदेशनही ठेवले तर ते नीट होत नाही. शाळेत समुपदेशक ज्या दिवशी येतात तो दिवस मुलांना माहीत असावा, आणि त्यांच्या खोलीकडे जाणाऱ्या मुलाकडे "काय झाले याला?" अशा नजरेने पाहिले जाऊ नये, यासाठी जूनमध्येच संपूर्ण वर्गाला ती खोली दाखवून आणावे.

वर्षअखेरीस

परीक्षेची धावपळ सुरू होण्याआधी, जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या आरंभी, जूनमधले तीन प्रश्न पुन्हा विचारावेत. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावे: बाण न मिळालेली मुले किती उरली, आणि "कोणत्या मोठ्या माणसाला सांगशील" या ओळीवर किती रेघा कमी झाल्या. हा हिशेब शिक्षकाच्या कामाचा असतो, त्यामुळे तो मुलांच्या प्रगतिपुस्तकात जाता कामा नये. माझ्या एका वर्गात अकरा रेघांच्या चार झाल्या होत्या. त्या चारांपैकी दोघे पूर्वीही रेघ ओढणारेच होते, म्हणजे वर्षभर मी त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते.

अशा मुलांसाठी एप्रिलमध्ये येणाऱ्या पुढच्या वर्गशिक्षकाला अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहावी. तिच्यात मुलाची गुपिते किंवा घरचे वाद नसावेत, आणि "लक्ष ठेवावे" असा मोघम शेराही नसावा. ते मूल घरी कोणती भाषा बोलते, कोणाच्या शेजारी मोकळे होते, राग आला की त्याचे काय होते आणि त्या वेळी काय केल्याने ते सावरते, एवढेच लिहावे. त्या वही फाडणाऱ्या मुलाच्या चिठ्ठीत मी लिहिले होते: कोकणीत विचारावे, एकट्याला विचारावे, आणि मोठ्याने वाचायला देण्याआधी एकदा मनात वाचू द्यावे.